टाइमकीपरची थांबवलेली फुलं

मला चोंबडा म्हणणारे गल्लीत दोन-चार आहेत. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मी आजवर कुणाच्या भिंतीला कान लावला नाही. आमच्या ओळीतल्या भिंतीच इतक्या पातळ आहेत की शेजारी शिंकला तर रुमाल आपण शोधतो. माझ्या डाव्या भिंतीपलीकडे टाइमकीपर राहतात, आणि त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं असंच, बसल्या जागी चालून आलेलं आहे.

टाइमकीपर म्हणजे बस आगारातले. एकतीस वर्षं एका काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला, हे वहीत लिहायचं आणि शिट्टी फुंकायची. मागची गाडी यायची असेल आणि तिचे प्रवासी पुढच्या गाडीत चढायचे असतील, तर पुढची गाडी रोखून धरायची. या रोखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असं आगारातले लोक अजून सांगतात. ड्रायव्हर इंजिन सुरू करून शिव्या मोजत बसायचे, आणि हे काचेआडून नुसता तळहात दाखवायचे. थांब. गाडी थांबायची.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "उशिरा येणं हा गाडीचा स्वभावच आहे. लवकर आलेली गाडी मी जन्मात पाहिली नाही."

माणूस अगदी नाकासमोर चालणारा. पान नाही, विडी नाही, गप्पा तर अजिबात नाहीत. मी सकाळी "काय काका, काय म्हणताय?" म्हटलं की ते घड्याळ बघून सांगायचे, "सात वीस." मी वेळ विचारलेली नसायची. आमच्या घरी म्हणतात, "त्यांना छळू नका." मी छळत नाही, चौकशी करतो. फरक आहे.

आता काकूंचं. काकू सात वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, तीन महिन्यांसाठी. मुलगी दुसऱ्या शहरात, बसने सहा तासांवर. तीन महिन्यांचे सहा झाले, कारण बाळाचं पोट नाजूक होतं. सहाचं वर्ष झालं, कारण मुलीची नोकरी सुरू झाली. मग नातीची बालवाडी, मग शाळा, मग धाकटा. प्रत्येक वेळी कारण इतकं चोख होतं की त्यात बोट घालायला जागा नव्हती. भांडण झालं असतं तर मला कळलं असतंच. भांडण नव्हतं. त्या सुरुवातीला वर्षातून दोनदा, मग एकदा येऊन जायच्या, आणि गेल्या तीन वर्षांत फिरकल्याच नव्हत्या. गल्लीने पहिली दोन वर्षं तर्क लढवले, मग गल्लीलाही कंटाळा आला.

पण जाताना फाटकात उभ्या राहून काकू जे बोलल्या ते मला चांगलं आठवतं, कारण त्यांची बॅग रिक्षेत मीच ठेवली होती. मागे वळून अंगणाकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, इथे रंगाचं काहीतरी लावा कधी. आगारातून येता आणि घराचंही आगारच करून ठेवता." काका म्हणाले, "उशीर होतोय, निघ." झालं. एवढाच निरोप.

हे वाक्य त्या माणसाच्या डोक्यात पाच वर्षं भिजत पडलं होतं आणि सहाव्या वर्षी त्याला मोड आला. तोवर ते निवृत्त होऊन बसले होते. एके दिवशी अंगणातली स्कूटर मागे गेली आणि काका फावडं घेऊन जमीन खणायला लागले. मी विचारलं, "काका, विहीर काढताय का?" ते म्हणाले, "फुलं." पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी झिनियाचं बी बटाटा पुरावा तसं वीतभर खोल पुरलं. वर काही आलं नाही. मी रोज सकाळी विचारायचो, "पोचली का गाडी?" आमच्या घरून मला डोळे वटारले गेले. मग विचारणं सोडलं.

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. घर दोघांच्या नावावर आहे. गच्ची गळते, आणि तिच्या दुरुस्तीच्या परवानगीसाठी दोघांनी कचेरीत समोर जाऊन सही करायची असं निघालं. म्हणजे काकूंना येणं भाग होतं. तारीख ठरली, तीन महिन्यांनंतरची वीस. फोन ठेवल्यावर काकांच्या घरात बराच वेळ येरझाऱ्या चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला. मी साखर मागायला म्हणून गेलो आणि वाचून आलो. डाव्या बाजूला फुलाचं नाव, मध्ये लागणारे दिवस, उजवीकडे पेरायची तारीख. गेलार्डियाला पंच्याऐंशी दिवस, म्हणून ते आधी. मग कोंबडा, मग सूर्यफूल, झिनिया साठ, कॉसमॉस सर्वांत शेवटी. वीस तारखेला सगळ्यांनी एकदम पोचायचं होतं.

"काका," मी म्हटलं, "झाडांना तुमची शिट्टी ऐकू येते का?"

"बघू," ते म्हणाले.

आणि खरं सांगतो, आली. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांना सगळं शिकवलं होतं. बी किती खोल, पाणी केव्हा, रोप दाटलं तर मधलं काढून टाकायचं. काका डोळ्यांत तेल घालून राखण करत होते. अंगणात पाच ओळी उभ्या राहिल्या, सुतात. वीस तारखेला दहा दिवस होते आणि झिनियाला बोराएवढ्या कळ्या लागल्या होत्या, तेव्हा फोन आला. नातीची परीक्षा. तीन आठवड्यांनी येते.

काका चप्पल न घालताच रोपवाटिकेत गेले. मीही गेलो, मला कोथिंबिरीचं बी हवं होतं.

"बाई, ही तीन आठवडे थांबवता येतील का?"

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी कानावर हात ठेवल्यासारखा चेहरा केला. त्या म्हणाल्या, "फुलं थांबवायला सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय. लोक लवकर फुलव म्हणून डोकं खातात. कळ्या खुडा काका. शेंडा मोडलात की खालून चार फुटवे येतात. पंधरा-वीस दिवस मागे जातं, फुलं मात्र जास्त येतात. सूर्यफुलाला तेवढा हात लावू नका. त्याला डोकं एकच. मोडलं की संपलं."

काकांनी चार ओळी खुडल्या. नखाने, एकेक, कुठेही न चुकता. सूर्यफुलं राहिली ती आपल्या वेळेला उमलली, अकराच्या अकरा, आणि उमलल्यावर पूर्वेकडे, म्हणजे माझ्या अंगणाकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, "काका, तुमची मंडळी आमच्याकडेच बघतात." त्यांनी हसावं अशी माझी अपेक्षा होती. पण ते सूर्यफुलांकडे बघतसुद्धा नव्हते. न विचारता सुटलेल्या गाडीकडे बघावं तसं एकदा बघितलं, तेवढंच. बारा दिवसांत ती माना टाकून मोकळी झाली. काकांनी उपटली, आणि ती ओळ रिकामी राहिली.

दुसरी तारीख जवळ आली, तर काकूंचा गुडघा सुजला. बसमध्ये सहा तास बसवेना. अडीच आठवडे पुढे. काकांनी पुन्हा खुडलं. आता झाडं चांगली गरगरीत झाली होती, कमरेपर्यंत हिरवीगार, आणि त्यात एक ठिपका रंगाचा नाही. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय लावलंय?" काका म्हणायचे, "फुलं." मग लोक माझ्याकडे वळायचे आणि मी आकाशाकडे बघायचो.

तिसरी तारीख जवळ आली. या वेळी बेत पक्का दिसत होता. काकांनी पडदे धुतले. दाराला तेल घातलं, त्यामुळे त्यांच्या येण्याजाण्याची खबर मला मिळेनाशी झाली. नवीन चादर आणली, तीही निळी फुलाफुलांची, आणि गेली तीन वर्षं कपड्यांचा ढीग पडलेली काकूंच्या बाजूची खाट मोकळी केली. मला हे सगळं खिडकीतून दिसत होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला काही थट्टा सुचली नाही. कारण तेव्हा लक्षात आलं की हा माणूस एका सहीची वाट बघत नाहीये. काकू आल्या, त्यांनी रंग बघितला, की त्या राहतील असं याने कुठेतरी धरून ठेवलंय.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. काकांचं बोलणं मला ऐकू आलं, म्हणजे जे काही होतं ते. "हो. बरं. असू दे. पुढच्या महिन्यात? बरं."

बुधवारी सकाळी मी बाहेर आलो तर काका बादली घेऊन झिनियाच्या ओळीत उकिडवे बसलेले. या वेळी कळ्या लहान नव्हत्या. टोकाला रंग फुटला होता. तांबडा, गुलाबी, शेंदरी. कोंबड्याचे तुरे मखमलीसारखे दिसायला लागले होते. चार दिवस, फार तर पाच, आणि अंगण पेटलं असतं.

"काका, या वेळी उमलू द्या की," मी म्हटलं.

"ती पुढच्या महिन्यात येतेय."

"मग आम्ही बघू. आम्ही काय आंधळे आहोत?"

"तुम्ही रोजच बघता."

"तुम्ही बघा मग."

त्यांचा हात चालूच राहिला. एकेक कळी नखाखाली धरायची, मोडायची, बादलीत टाकायची. दोन बादल्या भरल्या. त्या त्यांनी मागच्या अंगणात न्हाणीशेजारच्या खड्ड्यात ओतल्या, जिथे ते पालापाचोळा कुजवतात.

गुरुवारी दुपारी बाराला एक गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून काकू उतरल्या.

मुलीच्या शेजारणीला इकडे काही काम निघालं होतं, तिच्या गाडीत जागा होती, पाय लांब करून बसता आलं. "सकाळपासून तीनदा फोन लावला," त्या फाटकातूनच म्हणाल्या, "पण उचलाल तर ना." काका पाण्याची नळी घेऊन ओळींमध्ये उभे होते. नळीचं पाणी त्यांच्या पायांवर चाललं होतं. एकतीस वर्षं गाड्या बघितलेल्या माणसाला वेळेआधी आलेली गाडी कशी घ्यायची ते माहीतच नव्हतं.

मी केरसुणी घेऊन बाहेर आलो. काही नाही, अंगण झाडायचं होतं.

"कसे आहात?" काकूंनी मला विचारलं. "अजून सगळ्यांची खबर ठेवता, की वय झालं?"

"तुम्ही गेल्यापासून धंदा मंदावलाय," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग त्यांनी अंगणाकडे बघितलं. चार ओळी हिरव्या, एक रिकामी.

"हे काय, पालक लावलाय?"

मी केरसुणी घट्ट धरली. काका म्हणाले, "झिनिया आहे. पलीकडे कोंबडा, कॉसमॉस."

"मग फुलत नाहीत?"

"बी खराब निघालं यंदा."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी बोलून बसलो आहे ज्या बोलायला नको होत्या. ही एक बोलायची होती. काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, तळहात किंचित वर केला, आणि मी तोंडात मूग धरून आत आलो.

तीन वाजता दोघं कचेरीत जाऊन सही करून आली. संध्याकाळी चहाचे आवाज, भांड्यांचे आवाज, नातीच्या गोष्टी. काकू बोलत होत्या, काका "हं" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत होतो. मध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि मी खाली वाकलेला होतो, हे आधीच सांगून ठेवतो. काकू चहाचा चोथा टाकायला खड्ड्याकडे आल्या.

चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अहो, इकडे या जरा. हे काय आहे?"

काकांच्या चपला आल्या. "कळ्या."

"एवढ्या? कुणी तोडल्या?"

"मी."

"का?"

"तू येणार नव्हतीस ना."

काकूंना काही कळेना, हे मला न बघताही समजलं.

"मी येणार नव्हते म्हणून कळ्या तोडल्या? रागाने?"

"राग कसला. पुढच्या महिन्यात यायचं म्हणालीस. तोवर फुलं संपली असती. म्हणून मागे घेतली."

"हे असं कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

न्हाणीचा नळ ठिबकत होता. माझ्या तोंडात फेस तसाच होता, थुंकायची सोय नव्हती.

"तुम्ही तरी बघायची होती," काकू म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"मी काय, मी इथंच असतो."

मग काकू पायरीवर बसल्या असाव्यात, कारण पुढचं बोलणं खालून आलं. त्या म्हणाल्या, "बसा. एक सांगते, आणि ऐकून घ्या. घड्याळ नका बघू. मी येत जाईन. गुडघा नीट असला की येईन. पण राहायला नाही येणार आता. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही कधी वाईट वागला नाहीत. पण इथे मी इतकी वर्षं तुमचा डबा भरला आणि तुमची वाट बघितली. तिथे सकाळी कुणीतरी आजी आजी म्हणून डोकं खातं. मला ते खाल्लेलं आवडतं."

पायरीशी काकांच्या चपला घासल्या.

"तुम्ही या तिकडे. खोली आहे."

"मला तिथे काय काम?"

"काम नका शोधू. नुसते या."

"बघू," काका म्हणाले.

काकांचं "बघू" म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि काकूंना तर माझ्या आधीपासून माहीत आहे. त्या उठल्या. मी तोंड धुतलं.

गुडघ्याला पट्टा बांधून चारच्या गाडीने त्या गेल्या. काका स्टँडवर पोचवून आले. मी फाटकातच होतो. "सुटली वेळेवर?" मी विचारलं. माझ्या तोंडून सवयीने गेलं. "बारा मिनिटं उशिरा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "बरं झालं. बसायला मिळालं तिच्याजवळ."

त्यानंतर त्यांनी एकही कळी खुडली नाही. पाणी घालत, एवढंच. दोन दिवसांनी ते रोपवाटिकेतून चिनी गुलाबाच्या फांद्या घेऊन आले, बाईंनी फुकट दिलेल्या, आणि सूर्यफुलांच्या रिकाम्या ओळीत खोचल्या. "यांना तारखा लावू नका," बाईंनी बजावलं होतं. "हे सकाळी उघडतं, दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी नवीन."

अठरा दिवसांनी अंगण फुललं. तीनदा खुडलेली झाडं होती ती. एकेका झिनियावर वीस-वीस फुलं. तांबडी, शेंदरी, जांभळी, आणि एक असा पिवळा रंग की डोळे बारीक करावे लागत. गेलार्डियाच्या तबकड्या, कोंबड्याचे तुरे, आणि त्या सगळ्यांवर वाऱ्याबरोबर डोलणारा कॉसमॉस. सायकलवाले पाय टेकून उभे राहत. दूधवाल्याने फाटकाशी थांबून दोन गिऱ्हाइकांचं दूध नासवलं. सात वर्षांत या घरासमोर इतकी माणसं थांबली नव्हती. काका सगळ्यांना झाडाचं नाव सांगत आणि आत जात.

काकूंचा फोन आला तेव्हा मी तिथेच पायरीवर होतो, उघडपणे.

"हो, फुलली," काका म्हणाले. मग ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरी आहेत." फोन ठेवला.

"काका," मी म्हटलं, "हे समोर एवढं पेटलंय आणि बरी आहेत? आणखी काही शब्द पडले असते तर दंड झाला असता?"

"तिला दिसतंय का इथून? सांगून काय होतं."

"फोटो पाठवतो मी."

"नको," ते म्हणाले. "फोटो बघितला की बघून झालं तिचं."

मी फोन पुन्हा खिशात ठेवला.

तेवढ्यात आमच्या घरून हाक आली, भिंतीवरून. बायको म्हणाली, "काका, चार फुलं द्याल का? ताईकडे जायचंय." फुलं उमलल्यापासून ती हे विचारायचं धाडस गोळा करत होती. काका आत गेले, कात्री घेऊन आले. मला वाटलं चार मोजून देतील. त्यांनी झिनियाची एक बाजू कापत नेली. फांद्या हातात मावेनात तेव्हा माझ्या हातात दिल्या. बायको म्हणाली, "अहो काका, पुरे, पुरे. तुमच्यासाठी राहू द्या." "घ्या," ते म्हणाले. "उद्या अजून येतील." तिने पदर पुढे केला आणि त्यांनी तो भरला.

ती गेल्यावर ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. चिनी गुलाबाची ओळ समोर होती, जमिनीला चिकटलेली, गुलाबी आणि पिवळी, पैशाएवढी फुलं.

"जाणार का तिकडे?" मी विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

"जाईन. चार दिवस." ते ओळीकडे बघत होते. "पाणी घालाल का तोवर?"

"घालीन की."

"सकाळी घाला. दुपारी नको."

"बरं."

पुढे बराच वेळ दोघंही गप्प होतो. माझ्यासाठी हा विक्रमच म्हणायचा. ऊन पायरीवर चढलं तरी ते हलले नाहीत. एकेक चिनी गुलाब पाकळ्या आवळून घेत होता. आधी कडेची मिटली, मग मधली. शेवटचं एक पिवळं राहिलं होतं, तेही हळूहळू आत गेलं. काका गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि नळी गुंडाळायला लागले.